मोरी साफ करणारा माणूस कुठे गेला?

महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि सार्वजनिक म्हणजे सर्वांचे हा धडा या देशाला शिकवला. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला गेले, तेव्हा बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि अनुयायांसह तिथून महाडपर्यंत पायी चालत गेले. त्याच्या पुढच्या वर्षी, १९२८ साली, महाडजवळ सावित्री नदीवर दगडी कमानींचा पूल बांधला गेला. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा पूल ८८ वर्षे उभा राहिला आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. एक जयगडहून मुंबईला निघाली होती, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. इतरही वाहने गेली. सुमारे ४० माणसांचा बळी गेला आणि काहींचे मृतदेह शेवटपर्यंत हाती लागले नाहीत.

अंधाऱ्या रात्री पूल नाहीसा झाल्याचे प्रथम कळले ते जवळच्या गॅरेजवर काम करणाऱ्या एका कामगाराला. त्याने आरडाओरडा करून पुढच्या गाड्या थांबवल्या म्हणून आणखी बळी गेले नाहीत. महामार्गावर सरकारचे खाते आहे, अभियंते आहेत, कार्यालये आहेत. मात्र त्या रात्री राज्याच्या वतीने पहारा केला तो पगारपत्रकावर नाव नसलेल्या एका गरीब माणसाने. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढचे सगळे विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे.

नंतर विधिमंडळात गदारोळ झाला, चौकशी आयोग नेमला गेला आणि नवा पूल विक्रमी १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये त्याचे थाटात उद्घाटन झाले. म्हणजे मनात आणले तर सरकार साडेपाच महिन्यांत महामार्गावरचा पूल बांधू शकते. मग प्रश्न असा की, हे मन माणसे मेल्यावरच का होते?

मे महिन्यातली पाहणी

सावित्रीच्या पुलाची पाहणी झालीच नव्हती असे नाही. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती आणि पुलाला धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी कोसळला. त्यात मरण पावलेल्यांत जी. टी. रुग्णालयात कामावर निघालेल्या परिचारिकाही होत्या. त्या पुलाचेही संरचनात्मक परीक्षण झालेले होते आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून तो चांगल्या स्थितीत असल्याचे म्हटले गेले होते. म्हणजे कागदावर पूल उभा होता आणि जमिनीवर माणसे मेली होती.

इथे थोडे तांत्रिक बोलले पाहिजे, कारण तंत्राच्या पडद्याआडच जबाबदारी लपवली जाते. नदीवरचा पूल बहुतेक वेळा वरून खचत नाही, तो खालून पोखरला जातो. पुराचे पाणी खांबाला आपटून भोवरे घेते आणि पायाभोवतीची वाळू-माती उपसून नेते. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो. उन्हाळ्यात पाहणीला आलेल्या साहेबांना नदीचा तळ जसाच्या तसा दिसतो, पण खांबाला धरून ठेवणारी घट्ट जमीन केव्हाच निघून गेलेली असते. त्यात रेतीचा बेसुमार उपसा झाला की नदीचा तळच खाली जातो आणि पाया उघडा पडतो. दगडी पुलात पिंपळ-वडाची मुळे सांधे फोडतात, चुना पाण्याबरोबर निघून जातो. लोखंडी पुलाला गंज खातो. सिमेंटच्या पुलात पाणी निघून जाणारी भोके बुजली की पाणी स्लॅबमध्ये मुरते आणि आतली सळई फुगून काँक्रीट फोडते. म्हणून पुलाची खरी पाहणी म्हणजे गाडी थांबवून कठड्यावर हात ठेवून काढलेला फोटो नव्हे. खाली उतरावे लागते, पाण्यात माणूस घालावा लागतो, पायाची खोली मोजावी लागते आणि ती दरवर्षी मोजून मागच्या वर्षीशी ताडून पाहावी लागते. हे काम कष्टाचे आहे, त्यात प्रसिद्धी नाही आणि टक्केवारीही फारशी नाही. त्यामुळे ते होत नाही.

उल्हासच्या काठावर

महाड दूर आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अंबरनाथ तालुक्यातल्या जांभूळ गावी यावे. उल्हास नदीच्या काठचे हे गाव. एमआयडीसीच्या बारवी धरणाचे पाणी नदीवाटे इथे येते, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते आणि मोठमोठ्या जलवाहिन्यांतून ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना जाते. बारवी धरणाची उंची वाढवली गेली. २०१९ च्या पावसाळ्यात ते वाढीव उंचीपर्यंत भरले आणि मुरबाड तालुक्यातल्या आदिवासींची, शेतकऱ्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली. त्यांच्या त्यागावर शहरांचे नळ चालतात. जलवाहिनी फुटली तर काही तासांत माणसे, यंत्रे, वेल्डिंगचे सामान हजर होते, कारण कारखान्याचे पाणी थांबून चालत नाही. आता तीच तत्परता याच परिसरातल्या एखाद्या खचलेल्या मोरीच्या वाट्याला येते का, हे तिथल्या माणसांनाच विचारा.

उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, जांभूळ, रायते असे करत कल्याणच्या खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या लोकांनी पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पाण्याने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली आणि हजारावर प्रवाशांना नावांतून व हेलिकॉप्टरच्या मदतीने बाहेर काढावे लागले. जुलै २०२१ च्या पुरात कल्याण-मुरबाड-नगर राष्ट्रीय महामार्गावरच्या रायते पुलाचे जोडरस्ते पाण्याने कापून नेले आणि वाहतूक बंद पडली. पूल जागेवर राहिला, पण पुलावर जायचा रस्ताच गेला. असा पूल काय कामाचा? माळशेज घाटातून येणारी भाजी थांबते, दूध थांबते, मुरबाडच्या पाड्यांवरून कल्याणच्या किंवा उल्हासनगरच्या रुग्णालयाकडे निघालेली बाळंतीण थांबते. मोटारवाला दुसऱ्या रस्त्याने वळसा घालून जातो. एसटीने आणि टमटमने जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

कल्याणचा पत्री पूल तर ज्याने त्याने अनुभवला आहे. १९१४ साली बांधलेला हा पूल ऑगस्ट २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद केला गेला आणि नोव्हेंबरात पाडला गेला. नवा पूल खुला व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. १०४ वर्षे जुना पूल एक दिवस संपणार हे शाळकरी पोरालाही कळते. पण पर्याय उभा करण्याचे काम जुना पूल पाडल्यावर सुरू होते. दरम्यानची दोन-अडीच वर्षे लाखो लोकांनी वाहतूक कोंडीत काढली. त्या तासांची मजुरी कुणी भरून दिली?

चाळीसगावचा टांगा

काही शहाणे विचारतील, रस्ता-पुलाच्या प्रश्नात जात कुठून आणता? खड्ड्यात पडताना कुणी कुणाची जात विचारतो का? त्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेसे आत्मकथन वाचावे. १९२९ च्या ऑक्टोबर महिन्यात बाबासाहेब चाळीसगावला उतरले. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते, परदेशी पदव्या घेतलेले बॅरिस्टर होते. परंतु अस्पृश्याला टांग्यातून नेणे कमीपणाचे वाटल्याने टांगेवाल्यांनी नकार दिला. शेवटी महारवाड्यातल्या लोकांनी नुसता टांगा भाड्याने मिळवला आणि त्यांच्यातल्याच एकाने तो हाकला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. वाटेत नदीवर एक पूल होता. त्याला भिंतीचे कठडे नव्हते, अंतरा-अंतराने रोवलेले दगड तेवढे होते. टांग्याचे चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि टांगा घोड्यासह नदीत गेला.

या अपघाताला दोन कारणे होती. एक होते जातीचे, दुसरे होते बिनकठड्याच्या पुलाचे. जात नसती तर अनुभवी टांगेवाला मिळाला असता. कठडा असता तर नवख्या हातूनही अनर्थ टळला असता. या देशात गरिबाचा अपघात असाच घडतो. समाज त्याला सुरक्षित वाहन नाकारतो आणि सरकार त्याला सुरक्षित रस्ता नाकारते. दोन्ही नकार एखाद्या पुलावर एकत्र येतात.

म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. सरकारी पैशातून राखल्या जाणाऱ्या रस्त्याचा वापर करण्यास जातीच्या, धर्माच्या कारणावरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असे संविधान सांगते. त्यातला 'राखल्या जाणाऱ्या' हा भाग आपण फारसा वाचत नाही. राज्याने रस्ता राखायचा आहे हे संविधानाने गृहीत धरले आहे. चवदार तळ्यावर जायचा हक्क मिळाला आणि तळेच आटू दिले, तर त्या हक्काचे काय लोणचे घालायचे?

मैलकुली

आता ज्या माणसाचा प्रश्न शीर्षकात विचारला आहे त्याच्याकडे येऊ. जुन्या लोकांना 'मैलकुली' आठवत असेल. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यावर ठराविक मैलांसाठी माणूस नेमलेला असे, वर मुकादम असे. खांद्यावर फावडे, हातात घमेले. पावसाळ्यापूर्वी गटार उपसणे, मोरीत अडकलेल्या फांद्या आणि गाळ काढणे, साईडपट्टीवर मुरूम टाकणे, झुडपे तोडणे, छोटा खड्डा दिसताच खडी-डांबराने बुजवणे ही त्याची कामे. आपल्या वाट्याचा रस्ता त्याला तळहातासारखा ठाऊक असे. कुठली मोरी आधी तुंबते, कुठला भराव दरवर्षी खचतो, पाणी कुठल्या दगडाला लागले की वाहतूक थांबवायची, हे ज्ञान त्याच्या डोक्यात होते. त्याला कुणी तज्ज्ञ म्हटले नाही, कारण तो आपल्या वस्तीतला होता, आदिवासी पाड्यावरचा होता, भूमिहीन होता.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रातले किती रस्ते झाले याची आठवण घराघरांत आहे. आपल्या आया-आज्यांनी उन्हात बसून खडी फोडली, तेव्हा हे रस्ते उभे राहिले. त्या कामांवर राबलेल्यांतले काही पुढे खात्याच्या हजेरीपटावर आले. मग नवे धोरण आले. भरती बंद झाली, निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि काम कंत्राटात गेले. कंत्राटदार खड्डा पडल्यावर येतो, कारण त्याचे बिल खड्ड्यावर निघते. मैलकुली खड्डा पडण्याआधी येत असे, कारण त्याची नेमणूक रस्त्यावर होती. दोघांत हा फरक आहे. बंद झालेल्या प्रत्येक जागेबरोबर एका मागासवर्गीय घरातली कायम नोकरी गेली आणि त्या मैलातली राखणही गेली. खासगीकरणाने आरक्षण कसे संपवले हे आपण सभांमधून सांगतो. त्याच खासगीकरणाने मोरी कशी तुंबवली हेही सांगितले पाहिजे.

मोरी ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची नोंद करण्याची व्यवस्था सुरू केली. तिच्यात सुमारे १ लाख ७२ हजार बांधकामे नोंदली गेली आणि त्यांतली १ लाख ३४ हजारांहून अधिक मोऱ्या होत्या. म्हणजे पाच बांधकामांतली जवळजवळ चार. या झाल्या फक्त राष्ट्रीय महामार्गांवरच्या. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांवरच्या मोऱ्या आणि कोकणपट्टीतले साकव यांची तर गणतीच वेगळी. पूर आला की रस्ता बहुधा इथेच फुटतो. मोरीतून पाणी गेले नाही की ते भरावावर चढते आणि भराव कापून नेते.

फित कापायला सगळे येतात

पैसा नाही हे उत्तर कुणी देऊ नये. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर पंचावन्न हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत गेला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. आमणे हे आपल्याच ठाणे जिल्ह्यात. याच महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात सरळांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर उभारणारे अवजड यंत्र कोसळून २० जण ठार झाले. त्यांतले बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेले. उद्घाटनाच्या फलकावर नेत्यांची नावे कोरली जातात. या २० जणांची नावे कुठल्या दगडावर आहेत?

आम्ही महामार्गाच्या विरोधात नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या वेळी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते मजूर खात्याकडेच होते, आणि धरणे, वीज, जलमार्ग यांच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा आहे. आधुनिक रस्ता खेड्याची कोंडी फोडतो, बाहेरचे काम मिळवून देतो, गावकीच्या जाचातून सुटायला वाट देतो. पण मजूर आणि बांधकाम ही दोन खाती तेव्हा एका हाती होती, यातून आजच्या राज्यकर्त्यांनी काही शिकावे. बांधणाऱ्याचा आणि राखणाऱ्याचा जीव हा बांधकामाच्याच हिशेबाचा भाग आहे.

नव्या कामाला फित असते, राखणीला नसते. मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी, गर्दीने भरलेला असताना कोसळला. ४ जण ठार झाले, ५० च्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता आणि नव्या पुलासाठी निधीही मंजूर झालेला होता. फलक लावला म्हणजे जबाबदारी संपली, अशी सरकारी समजूत आहे. त्यानंतर महिनाभरात, ९ जुलै २०२५ रोजी, गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला आणि किमान २० जणांचे प्राण गेले. तो पूल जेमतेम ४० वर्षांचा होता. सावित्रीवरच्या इंग्रजी अमदानीतल्या पुलाच्या निम्मेही वय त्याचे नव्हते.

शेवटचे दोनशे मीटर

आणखी एक हिशेब आपल्या लोकांनी समजून घेतला पाहिजे. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाटीवर ५०० आणि आदिवासी-डोंगरी भागात २५० लोकवस्तीच्या वाड्यांना बारमाही रस्ता देण्याची ही योजना. तिच्या नियमांत जवळजवळच्या वस्त्या, ५०० मीटरच्या आतल्या, एकत्र मोजता येतात. रस्ता गावाच्या पाराशी पोहोचला की संपूर्ण गाव 'जोडले गेले' अशी नोंद होते. आणि बौद्ध वस्ती? ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. नकाशावर ती जोडली गेलेली असते आणि पावसाळ्यात तिथली पोरे कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत जातात. वस्ती ओढ्यापलीकडे का आहे, याचे उत्तर मनुस्मृतीच्या व्यवस्थेत आहे. ओढ्यावर साकव का नाही, याचे उत्तर जिल्हा परिषदेच्या फायलीत आहे. स्मशानभूमीला रस्ता नाही म्हणून प्रेत अडल्याच्या बातम्या आजही येतात. अनुसूचित जातींच्या वस्त्यांच्या विकासाची स्वतंत्र योजना आहे, पण तिचा निधी वस्तीतल्या काँक्रीटच्या गल्लीवर आणि समाजमंदिरावर संपतो. वस्तीला गावाशी जोडणारे शेवटचे दोनशे मीटर कुणाच्याच खात्यात बसत नाहीत.

मागायचे काय?

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे न्यायालयाने पुन्हा बजावले. ही भरपाई मागणे हा आपला हक्क आहे आणि वस्तीतल्या वकील मंडळींनी त्यासाठी पुढे यावे. पण मेल्यावर मिळणारे सहा लाख हे आपले ध्येय असू शकत नाही. मरणाआधी काय मागायचे ते ठरवू या.

पहिली मागणी माहितीची. प्रत्येक पुलावर, साकवावर फलक हवा. तो कोणत्या साली बांधला, कुठल्या खात्याचा आहे, शेवटची पाहणी कधी झाली, पायाची खोली मोजली का, आणि जबाबदार अभियंत्याचे पद काय. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती न मागता जाहीर करणे हे कार्यालयांचे कर्तव्यच आहे.

दुसरी मागणी राखणीच्या माणसाची. ठराविक किलोमीटरमागे कायम कामगार नेमावा, गावातलाच नेमावा, त्याला खात्याच्या सेवेत घ्यावे, विमा द्यावा, आणि त्या भरतीला आरक्षण लागू करावे. पाणी खुणेच्या वर चढले की रस्ता बंद करण्याचा अधिकार त्याला असावा. महाडला गॅरेजवरच्या कामगाराने नशिबाने जे केले, ते नेमणुकीने व्हावे.

तिसरी मागणी पैशाची. नव्या रस्त्याला मंजुरी देताना त्याच्या राखणीची तरतूद त्याच कागदावर हवी आणि ती दुसरीकडे वळवता येऊ नये.

चौथी मागणी वस्तीची. रस्ता पाराशी पोहोचला म्हणून गाव जोडले असे न मानता, शेवटच्या वस्तीपर्यंत आणि स्मशानभूमीपर्यंत पोहोचला तरच जोडले असे मानावे.

यासाठी मंत्रालयावर मोर्चा निघेल तेव्हा निघेल. तोपर्यंत जांभूळपासून अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरपर्यंतच्या आपल्या तरुणांनी एक काम करावे. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, आपापल्या वस्तीच्या रस्त्यावरचे पूल, मोऱ्या आणि साकव पायी फिरून पाहावेत. कुठली तुंबली, कुठली खचली, कुठे कठडा नाही, याची तारखेसह यादी करावी. ती ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, बांधकाम खात्याच्या उपविभागीय कार्यालयात द्यावी, पोचपावती घ्यावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. जयंतीच्या मंडपात बसणारी दहा पोरे एका रविवारी एवढे सहज करू शकतात. कागदावर शिक्का पडला की 'आम्हाला माहीत नव्हते' असे म्हणायची सोय कुणाला राहत नाही.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते फक्त परीक्षेपुरते नव्हते. आपल्या पायाखालच्या पुलाचा पाया किती खोल आहे हेही शिकले पाहिजे. पावसाळा दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो, त्याला आचारसंहिता नाही की निविदा नाही. तो येण्याआधी ती पोचपावती आपल्या हातात असू द्या.